सोन्याचा सरस

सोन्याचा रवा जिथं दागिन्याच्या पत्र्याला टेकतो, ती जागा भिंगाखाली पाहावी. जुन्या सोन्याचा संग्रह करणाऱ्याला सोनाराची ओळख तिथं पटते.

इटलीत चेर्वेतेरीला १८३६ मध्ये रेगोलिनी-गालास्सी थडगं उघडलं आणि इसवी सनापूर्वी सातव्या शतकातले, तिथल्या प्राचीन इट्रुस्कन लोकांचे दागिने उजेडात आले. वस्त्र अडकवायच्या एका भल्यामोठ्या पिनेवर सिंहांच्या आकृती, आणि त्यांच्या रेषा खसखशीहून बारीक सोन्याच्या रव्यांनी भरलेल्या.

रवे पाडणं अवघड नाही. सोन्याचे तुकडे कोळशाच्या भुकटीत तापवले की वितळून आपोआप गोल होतात. खरी कसोटी ते पत्र्यावर बसवण्यात. सोनं जोडायची झाळ लावली तर ती पसरते, रव्यांमधल्या फटी बुजतात आणि नक्षी लिंपल्यासारखी दिसते. इट्रुस्कन कामात तर झाळेचा मागमूस नाही.

रोमचे सोनार फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी आणि त्यांचे मुलगे आलेस्सांद्रो व ऑगुस्तो या कोड्यामागे लागले. त्यांनी सांत आंजेलो इन वादो या दूरच्या गावातून कारागीर रोमला आणले. झाळताना नेहमी वापरतात त्या टाकणखाराऐवजी आर्सेनिकचे क्षार वापरले, झाळ कानशीनं घासून पिठासारखी केली. पाठीवर एकमेकांत गुंतलेले दोन ‘सी’ असलेले कास्तेल्लानींचे दागिने आज संग्राहक जिवापाड जपतात. तरीही सर्वांत बारीक रवेकाम आपल्याला साधलं नाही, हे आलेस्सांद्रोनं मोकळेपणानं मान्य केलं होतं. एवढ्या मोठ्या सोनाराची ही कबुली मला त्या दागिन्यांइतकीच मोलाची वाटते.

गाठ सुटली ती विसाव्या शतकात. १९३३ मध्ये लिटलडेल या इंग्रज संशोधकानं पेटंट घेतलं. तांब्याचा क्षार सरसात कालवून त्या मिश्रणानं रवे चिकटवायचे. आचेवर क्षाराचं ऑक्साइड आणि सरसाचा कोळसा होतो, कोळसा त्या ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो, आणि सुमारे ८९० अंश सेल्सिअसवर मोकळं झालेलं तांबं टेकलेल्या जागीच सोन्यात मुरतं. वेगळी झाळ लागतच नाही.

प्राचीन ग्रीक लोक तांब्याच्या एका हिरव्या खनिजाला ‘ख्रिसोकोल्ला’ म्हणत. ख्रिसोस म्हणजे सोनं, कोल्ला म्हणजे सरस. सोनार त्यानं सोनं जोडतात, असं रोमन लेखक प्लिनीनंही नोंदवलं होतं. हात ती रीत विसरले, पण शब्दानं ती सांभाळून ठेवली होती.