हरिश्चंद्राच्या कारखान्यातील कामगार

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आंबेगाव तालुक्यातील मंचर व पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. नारायणगावची ख्याती तमाशाची. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालकांच्या राहुट्या येथे उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरविण्यास येतात. मात्र ज्या दोन शहरांना हा रस्ता जोडतो, त्या दोन्ही शहरांत मराठी माणसाने चित्रपटाचा धंदा उभारला, हे सहसा ध्यानात येत नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर नाशिकला बस्तान हलविले व १९१८ मध्ये तेथे हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, १९३३ मध्ये कोल्हापूरची प्रभात पुण्यास आली. या धंद्याच्या अगदी खालच्या पायरीवर जी माणसे उभी होती, त्यांच्याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. तो तयार होत असताना सिनेमात काम करणे इतके कमीपणाचे मानले जाई की, कोणी विचारल्यास ‘आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत’ असे सांगा, अशी शिकवण फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती. हा शब्द लपवाछपवीचा असला तरी आम्हांला तो मोठा नेमका वाटतो. तेथे खरोखर कारखान्यासारखेच राबावे लागे. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात दहा रुपयांवर काम करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर आणले गेले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही तेच झाले, आणि कालांतराने त्यांनी कॅमेराही हाती घेतला. पाच रुपयांच्या वाढीसाठी आलेला माणूस छायाचित्रकार होऊ शकला, कारण कामाची वाटणी अजून कडक झाली नव्हती.

आणि सरस्वतीबाई फाळके! साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, पोशाखांची धुलाई, रात्री फिल्मच्या पट्टीला भोके पाडणे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळविणे, ही कामे त्यांनी केली. आज यांतील एकेका कामासाठी स्वतंत्र माणूस असतो. सरस्वतीबाईंना मात्र पगार नव्हता, आणि चित्रपटाबरोबर घेतले जाते ते नाव एकट्या दादासाहेबांचे.

कोल्हापुरातील कथाही याच वळणाची. हुबळीच्या सिनेमागृहात दारावर उभे राहिलेले शांताराम वणकुद्रे १९२० मध्ये बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले ते पडेल ते काम करण्यासाठी. नऊ वर्षांनी दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात काढली. व्ही. शांताराम यांच्या उमेदवारीच्या गोष्टी मराठी घरांत कौतुकाने सांगितल्या जातात. पण त्यांच्याबरोबर तीच ओझी उचलणारे जे वर चढले नाहीत, त्यांची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

प्रभातमध्ये सुतार, रंगारी, शिंपी यांना महिन्याचा पगार होता. नट-दिग्दर्शकही तेथे नोकरच. १९४४ मध्ये तरुण गुरुदत्त तीन वर्षांच्या करारावर आले ते असेच. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओंची ही घडी मोडली. धंद्यात बाहेरचा पैसा आला, नटांचे भाव चढले, आणि लाइटमन, स्पॉटबॉय, सेटिंगवाले रोजंदारीवर गेले. अशा कामगारांशी लेखी करार करण्याचे बंधन घालणारा कायदा संसदेने केला तो १९८१ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ला अडुसष्ट वर्षे झाल्यावर.

नारायणगावच्या फडातला हिशेब यापेक्षा जुना. हंगामापूर्वी फडमालक कलावंताला उचल देतो, ती पुढे कामातून फिटते, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्या फडाशी बांधलेला. भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातील विठाबाई प्रसूतीनंतर लगेच पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. २००२ मध्ये त्या वारल्या आणि २००६ पासून त्यांच्या नावे शासनाचा पुरस्कार दिला जाऊ लागला. त्यांच्या मागे उभे राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांची, तंबूच्या मेखा ठोकणाऱ्या बिगाऱ्यांची नावे मात्र फडमालकांच्या उचलीच्या वह्यांतच शोधावी लागतील, आणि त्या वह्या जपून ठेवण्याचे काम अजून कोणी अंगावर घेतलेले आमच्या पाहण्यात नाही.