‘अरवानी’ची भित्तिचित्रे

‘अरवानी आर्ट प्रोजेक्ट’ हा चित्रसमूह पूर्णिमा सुकुमार यांच्या पुढाकाराने 2016 साली बंगळुरूत सुरू झाला असून, पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्मतः पुरुष अशी नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती, आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया मिळून भर रस्त्यावरील भिंती रंगवतात. समूहाचे नाव महाभारतातील अर्जुन व उलूपी यांचा पुत्र अरावान (मराठी वाचकांच्या परिचयाचा इरावान) याच्यावरून आले आहे. तमिळनाडूतील कूवागम येथे चैत्राच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत पारलिंगी स्त्रिया त्याच्या नावाने ताली (मंगळसूत्र) बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ती तोडून वैधव्याचा शोक करतात.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ खटल्यात (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर) स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला, परंतु निकालपत्राने शेजाऱ्याची नजर बदलत नाही, आणि नेमकी तिथेच ही चित्रे काम करतात: एरवी सिग्नलवर जिच्यासाठी गाडीची काच वर केली जाते, तीच स्त्री परांचीवर (भिंतीलगत बांधलेल्या बांबूंच्या सांगाड्यावर) चढून, हाती ब्रश घेऊन, दिवसाउजेडी आपल्यासारखीचा भिंतभर चेहरा रंगवताना दिसते आणि येणारे-जाणारे थांबून तिला चित्राविषयी विचारतात. 2024 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातही समूहाचे भित्तिचित्र होते. तो सन्मान मोठाच, तथापि वस्तीतल्या भिंतीचे मोल त्याहून अधिक मानावे लागेल.