परिचारिकेच्या अभ्यासाची वेळ

पहाटेस उठून पाठांतर करावें हा आपल्याकडील जुना दंडक. ब्राह्ममुहूर्तावर बुद्धि निर्मळ असते असें वडीलधारे सांगत, आणि ज्याला रात्रीं स्वस्थ झोंप मिळते त्याच्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु जिची रात्रच रोग्यांच्या खाटांमधून फिरण्यांत जाते, तिनें ती पहाट कोठून आणावी? शुश्रूषेचें शिक्षण स्त्रिया घेऊं लागल्या तेव्हांपासून हा प्रश्न आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या प्रेरणेनें १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. तेथील उमेदवारणींनीं वॉर्डांत राबावें, व्याख्यानें ऐकावींत आणि टिपणें सवडीनें लिहून काढावींत, असा क्रम होता. राबणें आणि शिकणें एकाच दिवसांत बसविण्याची ही रीत पुढें आपल्या देशांतही आली. पुण्यांत तिला निराळें वळण लागलें तें रमाबाई रानडे यांच्यामुळें.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा. १८७३ मध्यें न्यायमूर्ति माधवराव रानडे यांच्याशीं त्यांचें लग्न झालें, तेव्हां त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवराव दिवसां कामांत गुंतलेले. त्यांचें शिकविणें होई तें रात्रीं. बाईंचा दिवस घरांतील वडील बायकांच्या मालकीचा होता. भांडीं घासतांना हातीं आलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा फाटका तुकडा त्या वाचूं लागल्या, तर त्यावरूनही टोमणे ऐकावे लागले, अशी हकीकत आहे. रात्रीची वेळ बुद्धीला अनुकूल म्हणून कोणी निवडलेली नव्हती. कोणाच्या आड न येणारी तेवढीच होती.

माधवराव १९०१ मध्यें वारले. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें. गोपाळ कृष्ण देवधर यांची मोठी साथ रमाबाईंना होती. तेथील प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारीं भरत. सकाळचा स्वयंपाक आणि उष्टींखरकटीं आटोपल्यावर, सांजवातीच्या आधीं, गृहिणीला किती फट मिळते हें रमाबाईंना अनुभवानेंच ठाऊक होतें. जेवणानंतर डोळे जड होतात हें खरें. पण घरची परवानगी मिळे ती त्याच वेळेची!

१९११ च्या सुमारास सेवासदनाच्या स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणें, नाना जातींच्या रोग्यांना हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, यांतील कोणतीही एक गोष्ट त्या काळीं बदनामीस पुरेशी होती. संस्थेच्या एका बक्षीस-समारंभांत केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यास आली, तेव्हां प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली. रमाबाईंनीं समारोपाच्या भाषणांत भरसभेंत त्यांची कानउघाडणी केली, ती योग्यच होती. विद्यार्थ्यांना घरीं जें स्वास्थ्य आयतें मिळे, तें या बाईला झगडून मिळवावें लागलें होतें. वसतिगृहाचें मोलही येथें कळतें. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसां दार लावून निजतां येईल अशी खोली मिळाली, तरच पुढें पुस्तक उघडण्याची गोष्ट.

शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे पुढें वळले. १९२४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेन्किन्स व डॅलेनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरें पाठ करवून घेतलीं. पाठ केल्यावर झोंप घेतली तर त्यांतलें बरेंच आठवे. तेवढेच तास जागेपणीं गेले तर फार थोडें उरे. दोघांवरचा प्रयोग लहानसाच, परंतु नंतरच्या अनेक प्रयोगांनीं त्यास पुष्टि दिली. १९३८ मध्यें क्लाइटमन व त्यांचा विद्यार्थी रिचर्डसन केंटकी संस्थानांतील मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले आणि तेथें २८ तासांचा ‘दिवस’ पाळूं लागले. तरुण रिचर्डसनचें शरीर त्या दिवसाला रुळलें. गुरूचें कांहीं केल्या रुळेना.

शिरूर तालुक्यांतील कारेगांवच्या माणसास ही गोष्ट गुहेंत न उतरतांच समजेल. शेजारीं रांजणगांवची औद्योगिक वसाहत झाल्यापासून पाळी हा शब्द तेथें घरोघरीं पोंचला आहे. एक जण डबा घेऊन निघतो तेव्हां दुसरा अंथरूण घालतो. अशा घरांतील मुलगी परिचारिकेच्या शिक्षणास पुण्यास गेली, तर झोंपलेल्या माणसाजवळ आवाज करूं नये हा पहिला धडा ती घरींच शिकलेली असते. दिवसपाळी असतां तिनें संध्याकाळीं वाचावें आणि त्यावर झोंप घ्यावी. रात्रपाळी असतां सकाळीं येऊन आधीं निजावें, दुपार कलल्यावर ताज्या डोळ्यांनीं शरीररचना किंवा औषधांचीं प्रमाणें घ्यावींत, आणि मग कामावर जावें. रात्रभर जागून आल्या पावलीं पुस्तक घेऊन बसल्यास पानें उलटतात, पण लक्षांत फारसें राहत नाहीं. पाळी बदलली कीं हा सारा क्रम पुन्हा नव्यानें मांडावा लागतो, आणि पहिले दोन-तीन दिवस जड जातात.