कच्च्या फळाचा आंबट रस आणि सुरत

पिकल्या फळाची वाट सर्वच पाहतात; परंतु पाककलेने हिरव्या फळाचाही गौरव केला आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये कच्च्या द्राक्षांच्या रसाने अन्नास आंबटपणा आणीत. इंग्लंडात रानटी सफरचंदांचाही रस तसाच वापरीत. आपल्या देशात हे कार्य मुख्यत्वे कैरीने केले. १६व्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथात भावमिश्राने कैरी उकडून, हाताने कुस्करून, तीत थंड पाणी, साखर, कापूर व मिरी घालून केलेल्या प्रपानकाचे वर्णन दिले आहे. महाराष्ट्रातील पन्हे व दक्षिण गुजरातेतील बाफलो ही त्याच कुळातील पेये होत.

कैरीचा आंबटपणा अल्पायुषी असतो. फळ पिकू लागले की आम्ल घटते व पिष्टाची साखर होते. म्हणून कैरी वाळवून आमचूर करण्याची, किंवा मीठ-तेलात मुरवून लोणचे घालण्याची योजना झाली. सुरतेच्या इंग्रज वखारीत राहून गेलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने १६९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात तेथील भोजनात आंब्याचे लोणचे सदैव तयार असे, अशी नोंद केली आहे. ही चव इंग्रजांस सर्वस्वी परकी वाटली नसावी.

पुढे अमेरिका खंडातून आलेला टोमॅटो बारमाही झाला आणि आमटीतील कैरीची फोड मागे पडली. कोणत्या आठवड्यात कैरी उतरवावी, कोणती पन्ह्यास व कोणती लोणच्यास, हे ज्ञान मुख्यतः गृहिणींच्या हाती राहिले आहे. ते पुढील पिढीस शिकविले, तरच ही परंपरा टिकेल.