संकेतस्थळाचा पत्ता
आंतरजालावरील एखादे पान कोठे आहे व ते कोणत्या नियमाने मिळवावयाचे, हे दर्शविणारी अक्षरमाला. आरंभी संदेशवहनाचा नियम (उदा., एचटीटीपी), मग यजमान संगणकाचे क्षेत्रनाम व तिरप्या रेघेनंतर पानाचा मार्ग, असा तिचा क्रम असतो.

प्रारंभी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत नोंदवीत. यादी वाढत जाऊन ती सांभाळणे अशक्य झाले, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये क्षेत्रनाम पद्धती मांडली व नावे देण्याचा अधिकार पायरीपायरीने वाटला गेला. टिम बर्नर्स-ली यांच्या पत्तारचनेस १९९४ मध्ये प्रमाणरूप मिळाले. भारताचे ‘इन’ हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले. त्याची व्यवस्था प्रथम मुंबईच्या एका शासकीय संस्थेकडे होती. देवनागरीतील ‘भारत’ हे नाव २०१४ मध्ये आले.

क्षेत्रनाम उजवीकडून उलगडते. अहमदनगर जिल्ह्याच्या ‘अहमदनगर.एनआयसी.इन’ या रोमन लिपीतील पत्त्यात ‘इन’ हा देश, ‘एनआयसी’ हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि अखेरीस जिल्हा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेला, १९७२ पासूनचा पिन क्रमांक मात्र डावीकडून उलगडतो. शिवाय त्यात नाव नसते. त्यामुळे २०२४ मध्ये जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले, तरी शहराचा ४१४००१ हा क्रमांक अबाधित राहिला. क्षेत्रनामाची गोष्ट निराळी. यंत्रे परस्परांस अंकांनीच ओळखतात. नाव केवळ माणसांच्या सोयीचे. पण अर्जांवर, ग्रंथांत व अन्य पानांवर उतरलेले असते ते नावच. जुन्या नावावरून नव्याकडे वळविण्याची तजवीज न केल्यास, कागदपत्रे जागच्या जागी असूनही वाचकास दुरावतात.