प्रकाशाची हद्द आणि फोटॉनचा हिशेब

आपल्या जलशांमध्ये इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. बसऱ्याच्या या विद्वानाने अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर' लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात हे जुने मत खोडून, प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून वस्तू दिसते, असे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. भाषण बहुधा इथेच संपते. मला त्यापुढचा इतिहास सांगायचा आहे.

1873 मध्ये जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची हद्द सांगितली. प्रकाशाच्या लहरी भिंगातून जाताना बिंदूचा ठिपका होतो. सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू मग एकच दिसतात. पेशीतले प्रथिन तर जेमतेम काही नॅनोमीटरचे! येनातील आबे यांच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेले आहे.

वाट निघाली ती प्रश्न बदलल्यामुळे. एकमेकांत मिसळलेले दोन दिवे वेगळे करता येत नाहीत, पण एकट्या दिव्याच्या ठिपक्याचा मध्य काढता येतो. 1989 मध्ये विल्यम मोर्नर यांनी एकट्या रेणूची नोंद घेतली. पुढे एरिक बेट्झिग आणि हॅराल्ड हेस यांनी हेस यांच्या घराच्या दिवाणखान्यात यंत्र उभे केले. चमकणारे रेणू थोडे थोडे करून उजळवायचे, प्रत्येकाचा मध्य मोजायचा आणि त्या बिंदूंतून चित्र जुळवायचे, ही त्यांची रीत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल बेट्झिग, मोर्नर आणि श्टेफान हेल यांना मिळाले.

पण मध्य तरी किती अचूक? रेणूकडून येणारा प्रत्येक फोटॉन म्हणजे एक साक्षीदार, आणि एकट्याची साक्ष कच्ची. एका फोटॉनमागे चूक सरासरी 100 नॅनोमीटर धरली, तर 100 फोटॉननी ती 10 वर येते, 10,000 फोटॉननी 1 वर. अचूकता दहापट हवी तर फोटॉन शंभरपट लागतात. आजूबाजूचा नको असलेला उजेड साक्ष बिघडवतो. शिवाय ठरावीक फोटॉन दिले की रेणू कायमचा विझतो.

म्हणजे आबे खोटे ठरले नाहीत. त्यांची हद्द मान्य करून पुढच्यांनी मोजणी केली आणि आपल्या मोजणीतली चूकही आकड्यात सांगितली. इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीसारख्या थोरांविषयीच्या शंका स्वतंत्र ग्रंथात लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर आपल्या मुलांच्या हाती नुसते नाव नको, भिंग आणि मोजपट्टीही द्यायला हवी.