पाण्याखालचा पूल

गेल्या पावसाळ्यात वाणगावला घरूनच काम चालू होतं. लाइट जायची, यायची. ऑफिसचं आवरलं की रात्री मी माइनक्राफ्टमध्ये सावित्रीचा पूल बांधत बसायचो. मुंबई-गोवा महामार्गावरचा, महाड आणि पोलादपूरच्या मधला, 1928 सालचा जुना दगडी पूल.

माझं आजोळ पोलादपूरकडचं. मे महिन्याची सुट्टी संपवून एसटीने परत निघालो की हा पूल लागायचा. शेजारी नंतर दुसरा पूल झाला होता. जाताना तो, येताना जुना. आई माझ्या हातात रुपया द्यायची, नदीत टाकायला. माझा नेम धड नव्हता. बरेच रुपये कठड्याला लागून रस्त्यावरच पडले असतील.

चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927चा, म्हणजे पूल साधारण त्याच काळातला. शाळेत आम्हाला तळं शिकवलं, पूल कुणी शिकवला नाही. पुलाचं असंच असतं म्हणा, तो आहे तोवर त्याचा इतिहास कुणी विचारत नाही.

या गेममध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. नकाशे माझ्याकडे नव्हते, म्हणून फोटोंवरून मापं काढली. पुलावर एसटी दिसली की सोपं जायचं: एसटी साधारण तीन मीटर उंच, म्हणजे तीन ठोकळे, त्यावरून कमान किती ते मोजायचं. चौकोनी ठोकळ्यांची कमान जवळून जिन्यासारखी दिसते, लांबून चालून जाते.

खऱ्या कमानीत पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना दाबून धरतात. आधी खाली लाकडी सेंटरिंग उभं करायचं, दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, मधला शेवटचा दगड बसला की सेंटरिंग काढायचं. तोवर ती कमान नसते, नुसते रचलेले दगड असतात. ओळीने कमानी असल्या की मधल्या खांबावर दोन्हीकडून रेटा येतो आणि तो तिथेच तोलला जातो. एक खांब खचला तर शेजारच्या कमानींचाही आधार जातो. माझी डिग्री कॉम्प्युटरची. हे मला एका सिव्हिलवाल्या मित्राने चहाच्या कपावर बिस्किटं लावून समजावलं.

गेममध्ये यातलं काहीच लागत नाही. वाळू, खडी असे मोजके ठोकळे सोडले तर बाकी सगळं हवेत ठेवलं तरी तिथेच राहतं. पाचव्या रात्री सहज पाण्यात बुडी मारून वर पाहिलं, तर माझे सगळे खांब पाण्याच्या पातळीवरच संपले होते. फोटोत दिसतं तेवढंच मी बांधलं होतं. पुलाला पाया नव्हता, आणि चार रात्री ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

2 ऑगस्ट 2016च्या रात्री सावित्रीला पूर आला होता आणि हा पूल त्यात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून पाण्यात गाड्या शोधल्या. एसटींचे सांगाडे सापडायला आठवडा उलटून गेला. दोन्ही गाड्या मुंबईकडे निघालेल्या, म्हणजे आमच्या परतीच्या बाजूने.

त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं सरकारने नंतर सांगितलं. त्याच मे महिन्यात मीही त्यावरून आलो होतो. इंजिनिअरिंगची परीक्षा नुकतीच संपली होती, कानात हेडफोन होते, रुपया टाकायचं वय गेलं होतं. पाहणी कशी झाली याबद्दल मी काय बोलणार, मला माझ्याच पुलाचा पाया दिसला नव्हता. एवढं मात्र वाचून कळलं की पुरात नदी खांबाच्या तळाशी भोवरे करते आणि पायाखालची वाळू-माती खरवडून नेते. पाणी ओसरलं की तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो. उन्हाळ्यात बघणाऱ्याला नदीचं पात्र सपाट दिसतं.

त्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017ला सुरू झाला. रुंद आहे, चांगला आहे.

मी खांब खाली खडकापर्यंत नेले, अंदाजानेच. मग एक खांब पूर्ण काढून पाहिला. कमानी होत्या तशाच हवेत राहिल्या. वरून पाणी सोडलं. सपाटीवर गेममधलं पाणी सात ठोकळ्यांपर्यंत वाहतं आणि थांबतं. वाटेतली फुलं, मशाली वाहून नेते, पण खडीला हात लावत नाही. खांब परत बसवला.

सकाळी आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"सावित्रीला पाणी एवढंच?"

"यात पूर येत नाही गं."

मग कठडा फार उंच झालाय असं तिचं म्हणणं पडलं. मी एक थर काढला.